वस्ताद म्हणाले, डबा वाढवा

आप्पांनी भरलेला गॅस सिलिंडर अंगणातून उचलला, थेट स्वयंपाकघरात आणून ठेवला आणि दंडावर थाप मारून म्हणाले, "बघितलंस? लागलं का नाही अंगी?"

मी कांदा चिरत होते, त्यामुळे डोळ्यांतल्या पाण्याचं कारण कुणाला सांगावं लागलं नाही. साठी उलटलेला माणूस. उभी हयात सांगलीच्या एसटी डेपोत इंजिनाखाली घातली आणि आई गेल्यावर वर्षभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. जेवा म्हटलं तर जेवायचे, नाही म्हटलं तर तेही नाही. तो माणूस आज सिलिंडर उचलतोय आणि महिनाअखेरीच्या 'ज्येष्ठ श्री' स्पर्धेत उतरायचं म्हणतोय. कुठल्या लेकीला आनंद होणार नाही? मलाही झाला. पण अंगी काय लागलंय ते मला पक्कं ठाऊक होतं. तांदळाचं पीठ.

मी त्रिशला मगदूम. 'पिळदार' नावाच्या साइटची मराठी मी बघते, घरी बसून. 'पिळदार'वर शरीर कमवायची सगळी माहिती फुकट मिळते: दंड कसे भरावेत, पाठ कशी रुंदावावी, अंडी किती खावीत. फुकट असणारच, कारण ती माहिती नव्हेच, तो गळाला लावलेला गांडूळ आहे. कुठलाही लेख उघडा, शेवटी तुम्ही 'गजांकुर' नावाच्या डब्यापाशी येऊन पोचता. डबा खपला की त्यातला वाटा साइटला. असले धंदे माझ्या लहानपणीही चालायचे, त्यात नवीन काही नाही. नवीन आली ती टिकली.

टिकली म्हणजे मनगटाच्या आतल्या बाजूला चिकटवायची बारीक चकती. कंपनीनं तिला लांबलचक नाव दिलं होतं, ते कुणाच्या तोंडात बसेना, मग तिची टिकलीच झाली. घामावरून आणि नाडीवरून तिला कळतं की माणूस ताणात आहे की निवांत. जिमला जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर ती असतेच, आप्पांच्याही. तुम्ही 'पिळदार' वाचत असता तेव्हा 'पिळदार' तुमची टिकली वाचत असतं. एखाद्या शब्दानं तुमचा जीव निवांत झाला की तो शब्द पुढच्या वाक्यात परत येतो. एखाद्यानं तुम्ही दचकलात की तो गळतो. लेख एकच, पण प्रत्येकाला वेगळा पोचतो.

आता पिठानं सिलिंडर कसा उचलला जातो, ते सांगते. आपण दमतो तेव्हा स्नायूंतली ताकद संपलेली नसते. मेंदू आधीच ब्रेक दाबतो, जीव सांभाळायला म्हणून. मनापासून विश्वास बसला की शरीर वेदना कमी करणारी स्वतःचीच द्रव्यं सोडतं आणि मेंदू ब्रेक जरा ढिला करतो. साखरेची गोळी औषध म्हणून दिली तरी दुखणं कमी होतं, हे डॉक्टरांना कधीपासून माहीत आहे. फक्त कुणावर चालेल आणि कधी चालेल, याचा भरवसा नसायचा. टिकलीमुळे विश्वास मोजता यायला लागला, आणि मोजता आला तसा तो पिकवताही यायला लागला. गजांकुराच्या डब्यात पीठ, कोको आणि गोडी एवढंच होतं. काम करायचे ते शब्द.

ते शब्द माझे. सुरुवातीला लेख लिहिणाऱ्या मशीनची मराठी अशी होती: 'हे पूरक आपल्या स्नायूंच्या पुनर्बांधणीस साहाय्यभूत ठरेल.' एक टिकली हलेल तर शपथ! मग साइटवाल्यांनी पांढऱ्या मिशांचा, फेट्याचा एक 'वस्ताद' कॉम्प्युटरवर तयार केला आणि मला म्हणाले, याला बोलायला शिकव. मी माझी वाक्यं टाकायची आणि मशीननं त्यांवरून हजार वाक्यं करायची. पहिल्याच दिवशी मी न ठरवता लिहून गेले, 'सावकाश घ्या दादा, अंगी लागेल.' आई ताटात वाढताना असंच म्हणायची. बघता बघता सगळ्या महाराष्ट्रातल्या टिकल्या निवांत झाल्या. म्हणजे बघा, आईचं बोलणं मी पिठाच्या डब्याला लावलं, आणि त्या डब्यानं माझ्याच बापाला भिंतीपासून उठवलं. हे पुण्य म्हणायचं की पाप? मला तेव्हाही कळलं नाही.

आप्पांना यातलं काही ठाऊक नव्हतं. पोरगी पुण्याच्या कुठल्या कंपनीचं टायपिंग करते, एवढंच त्यांना माहीत.

"बीपीची गोळी घेतली का?" मी विचारलं.

"वस्ताद म्हणतात, शरीराचं ऐकावं."

"मग काय म्हणतंय शरीर?"

"गोळी नको म्हणतंय."

"आप्पा, त्या डब्यात पीठ आहे नुसतं!"

"मग सिलिंडर काय पिठानं उचलला व्हय गं?" असं म्हणून ते हसत हसत जिमला गेले. उचलला होता पिठानंच.

*

त्यानंतरच्या आठवड्यात आप्पा जिममधून लवकर आले आणि उंबऱ्यावरच बसले. कपाळ घामानं डबडबलेलं. मी पाणी घेऊन धावले.

"काय झालं?"

"काय नाही गं. पावडर लागली जरा."

आमच्याकडे सुपारी लागते. कोवळी सुपारी खाल्ली की घाम फुटतो, छाती धडधडते, कानातून वाफा निघतात. पाच मिनिटांनी माणूस पुन्हा हसतबोलत असतो. तसंच ते म्हणत होते. पण पीठ कसं लागेल? पीठ लागल्याचं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

त्यांना तसंच मिरजेला डॉक्टर मुजावर बाईंकडे नेलं. बाईंनी बीपी बघितलं, पुन्हा बघितलं आणि चष्म्यावरून आप्पांकडे बघितलं.

"मगदूमकाका, गोळी कुणाला विचारून सोडली?"

आप्पांनी पिशवीतून डबा काढून पुढे ठेवला. बाईंनी डबा हातात घेऊन उलटासुलटा केला. "यात काहीतरी उत्तेजक असणार. तपासल्याशिवाय नाव सांगणार नाही. पण एक सांगते, ही पावडर बंद आणि गोळी आजपासून चालू. बीपी असंच राहिलं तर हे स्टेजवर आडवे होतील, आणि मग मला दोष देऊ नका."

परत येताना रिक्षात आप्पा म्हणाले, "बाई हुशार हाईत. पण दंड बघितला का त्यांनी माझा?"

घरी आल्याबरोबर मी कॉम्प्युटर उघडला. वाचकांनी डब्याखाली काय काय लिहिलंय, ते मशीनच बघायचं, मी कधी बघत नव्हते. आता बघायला लागले. 'लागली.' 'लई लागली.' 'दोन चमचे घेतली, लगेच लागली, जिममध्येच बसलो.' अशी ओळीमागून ओळ, साताऱ्याची, जतची, बार्शीची. आणि मशीननं त्या प्रत्येकापुढे हसरा चेहरा लावला होता! का? तर मीच शिकवलं होतं ना त्याला, अंगी लागणं म्हणजे चांगलं. मग नुसतं लागणंही चांगलंच असणार! ज्यानं ज्यानं 'लागली' लिहिलं, त्याला वस्ताद प्रेमानं सांगत होते, 'लागली ना? शाब्बास. आता एक चमचा जास्त घ्या.'

मी कपाळावर हात मारून घेतला. मग पुण्याला निनादला फोन लावला. निनाद आमचा साहेब. वयानं माझ्याहून लहान, कायम घाईत.

"अगं, नवीन लॉटमध्ये कंपनीनं थोडी किक टाकलीय," तो म्हणाला. "लोकांना काहीतरी फील व्हायला हवं ना! एवढंसं असतं गं."

"एवढंसं तिप्पट करून घेतायत लोक. ते लागली म्हणतायत, म्हणजे त्रास होतोय त्यांना!"

"पण 'लागणं' पॉझिटिव्ह आहे, हे तूच शिकवलंस की."

"आता मीच सांगते की चुकलं. इशारा टाक."

"इशारा टाकला तर काय होईल माहितीये? ज्यांना काही झालेलं नाही त्यांचीही छाती धडधडायला लागेल. लागेल म्हटलं की लागतेच. तुझ्या 'अंगी लागेल'चीच ही उलटी बाजू. मग इशारा देऊन आपण माणसं वाचवली की आजारी पाडली?"

मेल्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत. त्या शेकडो 'लागली'मधल्या कितींना खरोखर पावडर लागली होती आणि किती जण आधीच्याची ओळ वाचून घाबरले होते? कुणाला सांगता येणार? मी फोन ठेवला, कुकर लावला, शिट्ट्या मोजायच्या विसरले आणि भात करपला.

पण आप्पांचं बीपी यंत्रानं दाखवलं होतं. ते कुणाची ओळ वाचून वाढलेलं नव्हतं. मी ठरवलं, सांगायचं. आप्पा माझं ऐकत नाहीत, डॉक्टरीणबाईंचं ऐकत नाहीत. वस्तादांचं ऐकतील. मी टाकलं, 'दादा, गजांकुर आजच बंद करा. जिवाला धोका आहे.' संध्याकाळी आप्पांच्या फोनवर वस्ताद मिशा पिळत म्हणाले, 'दादा, आज जरा विसावा घ्या. जिवाला जपा. उद्या पुन्हा जोमानं.' धोका म्हटलं की टिकली दचकणार, आणि दचकवणारं काही पुढे जाऊ द्यायचं नाही, हा मशीनचा धर्म. मी पाच-सहा प्रकारे लिहून बघितलं. सगळ्याचं तूप-साखर होऊन बाहेर आलं.

एक मार्ग होता. आप्पांना सरळ सांगायचं की तुमचे वस्ताद म्हणजे मी. मग डबा त्यांनी फेकलाच असता. पण त्याबरोबर सिलिंडर, जिम, 'ज्येष्ठ श्री', सगळंच गेलं असतं आणि माणूस पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडला असता. सांगावं तर बाप हातचा जातो, न सांगावं तरी जातो! मी रडले, चिडले, आप्पांवर उगीच खेकसले. ते बिचारे म्हणाले, "तुला पण एक चमचा देऊ का? अशक्तपणा दिसतोय."

शब्द सापडला तो सकाळी भांडी घासताना. माझी बांगडी नळावर आपटली आणि तोंडातून निघून गेलं, "वाढली!"

आईनं लावलेली सवय. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. दुकान बंद केलं म्हणायचं नाही, वाढवलं म्हणायचं. नारळही आपण फोडत नाही, वाढवतो. शेवट सांगायचा, पण ऐकणाऱ्याच्या काळजाला धक्का लावायचा नाही. मी साबणाच्या हातानं तशीच उभी राहिले. मशीनचं एक 'लागणं' चुकलं होतं. मग 'वाढवणं'ही चुकणार! त्याला वाटेल चमचे वाढवायला सांगतेय, विक्री वाढतेय, आणि ते खुशीनं सोडून देईल. टिकलीही दचकणार नाही.

माझं वाक्य सगळ्यांनाच जायचं, एकट्या आप्पांना पाठवायची सोय नव्हती. आणि मला तरी एकट्या आप्पांना कुठं वाचवायचं होतं? बार्शीचा, जतचा, सगळेच कुणाचे तरी कोण होते. गैरसमज होऊ नये म्हणून मी पक्का बंदोबस्त केला. लिहिलं, 'दादा, बांगडी वाढवतात तसा गजांकुराचा डबा आता वाढवा. पुढं घरचं जेवण आणि डॉक्टरांची गोळी. सावकाश, अंगी लागेल.' मशीननं क्षणभरही अडवलं नाही.

*

आप्पा फोन घेऊन ओट्यापाशी आले. डबा काढला. मी पोळी लाटत होते, लाटणं हातातच राहिलं. त्यांनी झाकण उघडलं, चमचा आत घातला. माझ्या छातीत अशी धडधड झाली की टिकली असती तर जळाली असती. मग त्यांनी चमचा तसाच बाहेर काढला, झटकला आणि झाकण घट्ट लावलं.

"वस्ताद म्हणतात, डबा वाढवा."

"मग वाढवा," मी म्हटलं.

त्यांनी डबा माळ्यावर टाकला. फडताळातली बीपीची पट्टी काढून गोळी घेतली. पाणी पिऊन तिथेच उभे राहिले.

"बांगडी वाढवायचं गडीमाणसाला कुठनं सुचतंय गं?"

मी पोळी तव्यावर टाकली.

"तुझी आई असं बोलायची. अंगी लागेल म्हणायची ती पण तीच." ते माझ्या अगदी जवळ आले. "तिशे, तू हाईस का गं ते?"

खोटं बोलायचं होतं, पण जमलं नाही. मी मान हलवली.

"मग दंड?" आप्पांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं. "हा पण खोटाच?"

"दंड खरा आहे, आप्पा. पावडर खोटी."

"मग सिलिंडर कुणी उचलला?"

"तुम्हीच."

ते अंगणात गेले. रिकामा सिलिंडर होता, भरलेला नव्हे. त्यांनी वाकून धरला, दम घेतला, ओढला. तो जागचा हलला नाही. पुन्हा ओढला. मग सिलिंडरवरच बसले आणि गेटकडे बघत राहिले. मला वाटलं, झालं. एवढा आटापिटा करून मी बापाला परत भिंतीपाशीच नेऊन ठेवलं. जीव वाचवला का घालवला, मला काही म्हणजे काही कळेना.

तेवढ्यात आत कॉम्प्युटर टुणटुण करायला लागला. वस्तादांना उत्तरं येत होती. 'वाढवला, वस्ताद.' 'आजच वाढवला.' 'वाढवला सर, जय हो.' आधी मला भरून आलं. मग एक उत्तर पूर्ण आलं: 'वाढवला वस्ताद, चार चमचे.'

चार चमचे! बाकीच्यांना नेमकं काय वाक्य गेलंय ते मी उघडून बघितलं. साताऱ्याच्याला: 'दादा, डबा आता वाढवा.' बार्शीच्याला: 'दादा, आता वाढवा. अंगी लागेल.' बांगडी कुठंच नव्हती! का नव्हती? कारण आमचे हे दंड फुगवणारे बहाद्दर. हातात बांगड्या भरल्यात काय, ही यांना लहानपणापासून दिलेली शिवी. बांगडी शब्द दिसला की टिकल्या तडकल्या आणि मशीननं तो अलगद काढून टाकला. दवाखान्याच्या नावानंही टिकल्या दचकतात, मग डॉक्टरही गेले आणि गोळीही गेली. आख्ख्या महाराष्ट्रात बांगडी ऐकून जीव निवांत झाला तो एकट्या आप्पांचा. आणि हे मला, बाईमाणसाला, आधी सुचू नये!

मी ओरडलेच असणार, कारण आप्पा आत आले. "काय झालं?"

मी सगळं सांगितलं. लागली सांगितलं, वाढवला सांगितलं. "आता कुणी बंद केला आणि कुणी चमचे वाढवले, मलाच कळत नाही, आप्पा. सगळे वाढवलाच म्हणतायत. पुन्हा काही लिहावं तर मशीन त्याचं भलतंच करणार."

आप्पांनी खुर्ची ओढली. "फोन नंबर हाईत का पोरांचे?"

"ऑर्डरवर असतात."

"मग मशीनच्या मधनं कशाला जायचं? लाव."

मी चार चमचेवाल्याला फोन लावला. स्पीकर चालू केला. पलीकडे जिममधली गाणी वाजत होती.

"हॅलो, सांगलीहून भूपाल मगदूम बोलतोय," आप्पा डेपोतल्या आवाजात म्हणाले. "मला सांग बाळा, डबा वाढवलास म्हणजे कसा? बांगडीसारखा का पगारासारखा?"

"ओ काका, बांगडी कुणाला म्हणता?"

"तुलाच. पगारासारखा वाढवलास ना? चार चमचे?"

पलीकडची गाणी लांब गेली. पोरगं बाहेर आलं असावं. आवाज एकदम बारीक झाला. "हो. छातीत लई धडधडतंय काका. पण वस्ताद म्हणाले..."

"वस्तादांचं मी बघतो. आधी खाली बस. डबा पुन्हा उघडायचा नाही, आणि दोस्ताला हाक मार, दवाखान्यात जायचंय. जवळ पाणी हाय?"

"आहे."

"मग पी. गटागटा नको. सावकाश पी, अंगी लागेल."

मी दचकून आप्पांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघतही नव्हते. फोनवर ओणवे होऊन त्या न बघितलेल्या पोराचा श्वास ऐकत होते, आणि दोस्ताला फोन देईपर्यंत त्यांनी त्याला सोडलं नाही. शेवटी पोरगं म्हणालं, "काका, जरा बरं वाटतंय." पाण्यानं बरं वाटलं की शब्दानं, मला कळलं नाही. कळून घ्यायची उसंतही नव्हती. वाढवला म्हणणारे अजून येतच होते.

आप्पांनी सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या. "चल, पुढचा लाव."

मी लावला. लागला.